लिहून घेणार

हे मी आजवर तीन वेळा लिहायला घेतलं. तिन्ही वेळा पहिलं पान पंचबाईंच्या आवाजावरच संपलं आणि मी वही मिटून ठेवली. आवाजावर लिहिणं सोपं होतं. पुढचं टाळायचं म्हणून मी आवाजावर एवढं लिहीत होतो, हे मला तेव्हाही कळत होतं. ज्या हातानं बत्तीस वर्षं पोलीस ठाण्यात लिहिलं तो आता कापायला लागला आहे. आणखी टाळलं तर राहूनच जाईल.

तरी सुरुवात आवाजापासूनच करतो, कारण तो पुढं लागणार आहे.

बाईंचं घर सोलापूरच्या पूर्व भागातलं, विणकरांचं. घरात तेलुगू, दारात मराठी आणि खालच्या खोलीत चार यंत्रमाग. मागांच्या खडखडाटावरून ऐकू जाईल अशा आवाजात बोलायची सवय त्यांना लहानपणीच लागली, आणि पुढं माग विकले गेले तरी ती सुटली नाही. छाप्याला निघालेली जीप सिग्नलला उभी असली की त्या मागच्या सीटवरून विचारायच्या, "आज कुठल्या घरावर धाड आहे, साहेब?" शेजारचा रिक्षावाला वळून बघायचा. शेवटी साहेबांनी मला सांगितलं, बाईंना गाडीत काहीतरी खायला देत जा, तेवढंच तोंड बंद राहील. त्यांनी माझं कधी काही खाल्लं नाही. त्यांच्याच पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पुडी असायची. उलट मलाच त्या भाकरी मोडून द्यायच्या.

त्या दस्तनोंदणीच्या कचेरीत कारकून होत्या. मी हवालदार, ठाण्यातला रायटर. रायटर म्हणजे साहेबांच्या वतीनं फिर्यादी, जबाब, पंचनामे लिहिणारा. छापा घालायचा तर दोन पंच बरोबर लागतात, जे घडलं ते डोळ्यांनी बघून पंचनाम्यावर सही करणारे. शरीरविक्रयाच्या जागेवर छापा असेल तर त्यांतली एक बाई असावी लागते. पंच पाठवा म्हणून कचेऱ्यांना पत्र गेलं की त्या दिवशी सगळीकडच्या बायकांना ताप यायचा. कुणाला असल्या घराची पायरी चढायची नसायची, कुणाला पुढं कोर्टात खेटे घालायचे नसायचे. यायच्या त्या एकट्या बाई. सात-आठ वर्षं त्या येत राहिल्या, म्हणून ठाण्यात त्यांचं नाव पंचबाई पडलं. खरं नाव मी लिहीत नाही. त्यांना ते चाललं नसतं असं नाही, पण विचारायला आता त्या नाहीत.

कुठल्याही घरात शिरण्याआधी त्या उंबऱ्याशी थांबून चपला मोजायच्या. "पाच जोड," असं स्वतःशी म्हणायच्या, म्हणजे गल्लीभर ऐकू जायचं. मग आत जाऊन माणसं मोजायच्या. वेळ लिहायची ती त्यांच्या मनगटातल्या घड्याळाप्रमाणे, कारण ते त्या रोज सकाळी रेडिओवर लावून घ्यायच्या. आम्ही 'सुमारास' लिहायचो, त्या तो शब्द खोडायच्या. ठाण्यातला चहा सही झाल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. "आधी सही, मग चहा. नाहीतर चहाची साक्ष होते."

आणि पंचनामा वाचायच्या. इतर पंच आम्ही बोट ठेवू तिथं सही करत. बाई पहिल्या ओळीपासून वाचत, हातात लाल पेन घेऊन. माझ्या एका पानावर त्यांनी एकदा अकरा वेलांट्या दुरुस्त केल्या होत्या. शिपाई म्हणायचे, "हवालदार, पेपर तपासून आला का? पास की नापास?" मी वैतागायचो. पण खरं सांगायचं तर माझं अक्षर त्यांच्यामुळं सुधारलं. आपण लिहिलेलं कुणीतरी वाचणार आहे, ही गोष्ट तोवर मला माहीत नव्हती.

एका लॉजवरच्या छाप्यात चार बायका आणि पाच पुरुष सापडले. बायकांना सुधारगृहात पाठवायचं ठरलं, लॉजच्या मॅनेजरला गाडीत बसवलं. पाच पुरुषांना साहेबांनी ओळीत उभं केलं, आईबहिणीवरून ऐकवलं, वीस-वीस उठाबशा काढायला लावल्या आणि सोडून दिलं.

"साहेब, उठाबशा कुठल्या कलमात येतात?" बाईंनी विचारलं.

"ओ बाई, गिऱ्हाईक आहेत ते. गिऱ्हाइकाला आरोपी करत नसतात."

"गिऱ्हाईक भाजीचं असतंय."

"कायद्यातच तसं आहे, आता काय करता."

"मग कायद्यात शुद्धलेखनाची चूक आहे."

साहेब हसले. बाई हसल्या नाहीत. परत येताना जीपमध्ये त्या मला समजावून सांगत होत्या, म्हणजे सगळ्यांनाच. "आमच्याकडं खरेदीखत होतं, हवालदार. त्यात वर दोन नावं. लिहून देणार, म्हणजे विकणारा. लिहून घेणार, म्हणजे विकत घेणारा. नुसता लिहून देणार आला तर आमचे साहेब दस्ताला हात लावत नाहीत. परत पाठवतात, लिहून घेणाऱ्याला घेऊन ये म्हणतात. तुमच्या दस्तात लिहून घेणार कुठाय?"

तेव्हापासून प्रत्येक छाप्यात तेच. घर चालवणाऱ्याला आम्ही धरलं की बाई इकडंतिकडं बघायच्या. "हा झाला लिहून देणार. लिहून घेणार कुठाय?" शिपाईही गमतीनं तसंच म्हणायला लागले. मी पंचनाम्यात 'ग्राहक' लिहिलं की त्या लाल रेघ मारून 'इसम' करायच्या. एकदा मला म्हणाल्या, "तुम्ही पण लिहून घेणारच की. लोकांचे जबाब लिहून घेता. फक्त काय घ्यायचं ते बघून घ्या." हा त्यांचा विनोद होता. क्वचित करायच्या, म्हणून लक्षात राहिला.

मग कायद्यात नवीन कलम आलं. फसवून, पळवून आणलेली बाई आहे हे माहीत असून, किंवा माहीत असायला कारण असून, जो तिच्याकडं जाईल त्यालाही शिक्षा. बाईंनी ते कलम स्वतःच्या अक्षरात वहीत उतरवून घेतलं. 'माहीत असायला कारण असून' याखाली दोन रेघा. साहेबांना दाखवलं. साहेब म्हणाले, "सिद्ध कसं करणार, बाई? तो म्हणणार मला काय माहीत." बाई म्हणाल्या, "एखाद्याला माहीत असेल की. आपण थांबू." जणू बसची वाट बघायची होती.

ती वेळ आली त्या वर्षीच्या मे महिन्यात. होटगी रोडकडची नवी वसाहत, दारात तुळस, बाहेरून कुणाला काही कळणार नाही असं घर. ऊन असं की जीपच्या पत्र्याला हात लागत नव्हता. बाईंनी उंबऱ्याशी चपला मोजल्या. साहेब पुढच्या दारानं आत गेले. माणसं कमी होती, म्हणून मला मागच्या दाराशी उभं केलं होतं.

मागच्या दाराला बाहेरून कडी होती. आतून कुणीतरी दार ढकलत होतं. शेजारच्या खिडकीच्या गजातून मला त्याचा चेहरा दिसला. माझा मुलगा ज्या गावच्या शाळेत शिक्षणसेवक होता, त्या शाळेचे ते चेअरमन. मुलाची तीन वर्षं त्याच महिन्यात पुरी होत होती. त्याला कायम करायचा प्रस्ताव चेअरमनच्या सहीनं वर जायचा होता. मी त्यांना त्याआधी दोनदा भेटलो होतो, दोन्ही वेळा हात जोडून.

ते घाबरलेले नव्हते. गजातून म्हणाले, "हवालदार, तुमी व्हय. पोरगं चांगलं शिकवतंय हां तुमचं."

एवढंच. धमकी नाही, विनवणी नाही. मी कडी काढली.

ते अनवाणी गेले. चपला पुढच्या दारात होत्या. तापलेल्या फरशीवर पाय भाजत होते म्हणून उड्या मारत गेले, आणि मला त्या वेळी, देवाची शपथ, हसू आलं होतं. गल्लीच्या टोकाला आमचा एक शिपाई होता, त्यानं त्यांची पाठ पाहिली. चेहरा पाहिला नाही.

पुढं बरीच वर्षं मी निवृत्त मित्रांना सांगत आलो की साहेबांनी सांगितलं म्हणून त्या माणसाला सोडलं. साहेब आता हयात नाहीत. ते तसं काही बोलले नव्हते. त्यांना ठाऊकही नव्हतं; धक्क्यानं कडी निघाली आणि तो निसटला, असं मी त्यांना सांगितलं होतं.

घर चालवणाऱ्याला साहेबांनी पुढच्या खोलीतच धरलं, आणि आतल्या खोलीत बावीस-तेवीस वर्षांची एक मुलगी सापडली. कर्नाटकातल्या खेड्यातली, टॉवेलच्या कारखान्यात काम देतो म्हणून आणलेली. बाईंना कामापुरतं कन्नड येत होतं. अर्ध्या तासानं त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांचा आवाज लहान झाला होता. तसा मी तो आधी कधी ऐकला नव्हता.

"हवालदार, लिहा. तो पळालेला माणूस चार वेळा आलाय. पहिल्याच वेळी हिनं त्याला सांगितलं, मला फसवून आणलंय, माझ्या घरी एक फोन लावून द्या. त्यानं सगळं ऐकून घेतलं. आणि परत आला."

आत ती मुलगी एकच वाक्य म्हणत होती. "अवनिगे गोत्तित्तु." त्याला माहीत होतं.

"माहीत असून," बाई म्हणाल्या. "सापडला लिहून घेणार."

मग उंबऱ्यापाशी जाऊन त्यांनी एक जोड उचलला. "हा कुणाचा? एक जोड जास्त आहे." चामड्याची चप्पल, पुरुषाची, नऊ नंबर, टाचेला नवी पट्टी. बाईंनी ती जप्त करायला लावली. साहेब म्हणाले, "चपला काय कोर्टात चालत जाणार आहेत का, बाई?" तरी वर्तमानपत्रात गुंडाळून, लाख लावून, पंचांच्या सह्यांच्या चिठ्ठीसह ती मुद्देमालात जमा झाली.

मी पंचनामा लिहायला बसलो. शिपायानं पाठ पाहिली होती, त्यामुळं तो माणूस कागदावर येणं भाग होतं. अशा माणसासाठी खात्यात एक वाक्य तयार असतं. एक अनोळखी इसम अंधाराचा फायदा घेऊन पळून गेला. ते वाक्य मी नोकरीत शेकडो वेळा लिहिलं असेल. हातानं ते आपोआप लिहिलं. 'अनोळखी' मी जाणूनबुजून लिहिलं. 'अंधार' सवयीनं आला. वर वेळ होती, बाईंच्या घड्याळाप्रमाणे, दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटे.

मुलीला चक्कर आली होती. तिचं डोकं बाईंच्या मांडीवर होतं, तिनं बाईंचा उजवा हात घट्ट धरून ठेवला होता. मी पंचनामा पुढं केला. "बाई, सही करा. हिला सिव्हिलला न्यायचंय, गाडी थांबलीय."

"वाचते की."

"नेहमीचंच आहे, बाई."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग मुलीच्या हातातून आपला हात हळूच सोडवून घेतला आणि सही केली. सात-आठ वर्षांत न वाचता केलेली ती एकच सही.

त्यानंतर बाई रविवारी चप्पल दुरुस्तीवाल्यांकडं फिरायला लागल्या. चपलेचं चित्र त्यांनी वहीत काढून घेतलं होतं, टाचेच्या पट्टीसकट. सोमवारी कचेरीत जाण्याआधी ठाण्यात येऊन मला सांगायच्या. "नवी पेठेत पाच जणांना विचारलं. कुणी ओळखत नाही." "आज बाळीवेशीत गेलते. एकजण म्हणतो, हा टाका आपल्याकडचा न्हाय, खेड्यातला आहे." मी त्यांना पाणी द्यायचो आणि ऐकून घ्यायचो. एका सोमवारी त्या आल्या आणि त्यांनी थेट चेअरमनच्या गावाचं नाव घेतलं. तिथला एक म्हातारा कारागीर असाच टाका घालतो म्हणे.

मी म्हणालो, "बाई, तिकडं बाजाराला दहा गावचे लोक येतात. कुणाकुणाला विचारणार?"

"व्हय, ते पण आहेच," त्या म्हणाल्या, आणि बसून राहिल्या. पुढच्या सोमवारी आल्या नाहीत.

जूनमध्ये माझा मुलगा कायम झाला.

खटला उभा राहायला तीन वर्षं गेली. मी तोवर निवृत्त झालो होतो. मुलगी गावाकडून आली, बाईंनीच तिला दोन दिवस स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. तिनं कोर्टात सगळं सांगितलं. त्या माणसाचंही सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाईंची साक्ष होती आणि दुपारनंतर माझी. ज्याची साक्ष व्हायची आहे त्यानं आत बसायचं नसतं, म्हणून मी बाहेर व्हरांड्यात बाकावर होतो. पण बाईंचा आवाज असा की मला शब्द न् शब्द ऐकू येत होता. आरोपीच्या वकिलाचं नीट ऐकू येत नव्हतं, बाईंचं येत होतं.

"न वाचता मी सही करत नाही," बाई म्हणाल्या.

मग वकील काहीतरी बोलले. मग बाई पंचनामा मोठ्यानं वाचायला लागल्या. एकेक ओळ, मागांवरून ऐकू जाईल अशी. मला पुढची ओळ पाठ होती. "एक अनोळखी इसम अंधाराचा," असं म्हणून त्या थांबल्या.

आत लोक हसले. वकिलानं काय विचारलं असेल ते सांगायला नको.

"नसतो," बाई म्हणाल्या. "मे महिन्यात तीन चाळीसला सोलापुरात अंधार नसतो."

थोड्या वेळानं, "सही माझीच आहे."

आणि मग, "वाचलं नव्हतं."

बाहेर आल्यावर त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "हवालदार, अंधार कुठनं आणला?"

"सवयीनं गेलं, बाई. नजरचूक."

"तुमची कसली चूक. लिहिणाऱ्याचं होतंच. वाचणाऱ्यानं बघायचं असतंय." त्यांनी पिशवीतून भाकरी काढली, बघितली आणि परत ठेवली. "एवढी वर्षं मिरवलं, आणि नेमकं त्या दिवशी वाचलं नाही."

त्या क्षणी मला एक वाक्य बोलायचं होतं. शिपायानं माझं नाव पुकारलं, मी आत गेलो. पिंजऱ्यात शपथ घेतली. सरकारी वकिलांनी विचारलं, पळून गेलेला इसम तुमच्या ओळखीचा होता का? मी नाही म्हणालो.

निकाल लागला. मुलगी ज्या माणसाबद्दल सांगते तो दिवसाढवळ्या अंधारातून पळाला असं पंचनामा म्हणतो, पंच म्हणतात आम्ही वाचलंच नाही, तेव्हा पंचनाम्यावर विश्वास ठेवता येत नाही. घर चालवणारा सुटला, संशयाचा फायदा मिळून. लिहून घेणाऱ्याला वाचवायला मी एक वाक्य लिहिलं होतं, त्या वाक्यानं लिहून देणारही सुटला.

कोर्टाच्या पायऱ्यांवर बाई म्हणाल्या, "एकाला अंधाराचा फायदा, एकाला संशयाचा. हिला कशाचा?" मुलगी शेजारी उभी होती. तिला मराठी पुरतं कळत नव्हतं. तिनं जाताना माझ्याही पाया पडून घेतलं.

बाईंनी कचेरीला अर्ज दिला. 'वाचन कमी पडते, सबब यापुढे पंच म्हणून पाठवू नये.' त्यांच्या कचेरीतल्या शिपायानं मला हे हसत हसत सांगितलं. चप्पल मुद्देमालातून पुढं कुठं गेली मला माहीत नाही. चेअरमन काही वर्षं झेंडावंदन करत राहिले, मग वारले. त्यांचं नाव मी इथंही लिहीत नाही. मुलगा अजून त्याच शाळेत शिकवतो. त्याला हे वाचूनच कळेल. चेअरमनचं नाव टाळून, हे लिहितानाही मी एक कडी काढलेलीच आहे, हे मला दिसतं.

निवृत्तीनंतर मी बाईंच्या घरी वर्षातून दोन-तीनदा जायचो. दरवेळी सांगायचं ठरवून. दरवेळी त्या विचारायच्या, "मुलगा काय म्हणतो?" आणि माझं बोलणं तिथंच अडकायचं. त्या मुलीचे फोन त्यांना यायचे. तिचं लग्न झालं, मोडलं, ती बेळगावकडं कुठंतरी शिवणकाम करते, एवढं मला त्यांच्याकडून कळत गेलं. दरवेळी त्या तिला म्हणत असत, "चूक माझी होती गं." हेही त्याच मला सांगायच्या.

बोलणं जमत नाही म्हणून गेल्या वर्षी मी ते लिहून नेलं. मला तेवढंच येतं. पंचनाम्यासारखं लिहिलं, आणि त्यांना आवडेल म्हणून खाली दोन जागा केल्या. लिहून देणार, लिहून घेणार.

काचबिंदूनं बाईंची नजर जवळजवळ गेली होती. मी दारात चप्पल काढली तर आतून आवाज आला, "एक जोड. कोण आहे?" मी कागद हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांशी नेला, खिडकीकडं धरला, उलटा करून बघितला.

"दस्त आहे काय हा?"

"तसाच आहे."

"लिहून देणार कोण?"

"मी."

"आणि घेणार?"

"तुम्ही, बाई."

त्या हसल्या. "काय देताय बघू तरी. वाचा. मला आता फक्त ऐकू येतं."

मी कागद परत घेतला. चष्मा लावला. पहिली ओळ डोळ्यांसमोर होती. त्यांनी मान थोडी तिरकी करून कान माझ्याकडं केला होता.

मी म्हणालो, "नेहमीचंच आहे, बाई."

त्यांनी मान सरळ केली. म्हणाल्या, "बरं. बोट ठेवा, कुठं सही करू?" मी त्यांचं बोट धरून जागेवर ठेवलं. त्यांनी सही केली आणि सुनेला चहा टाकायला सांगितला.

दिवाळीनंतर बाई गेल्या. कागद माझ्याकडं आहे. लिहून घेणार या शब्दांखाली त्यांची सही आहे, जरा घसरलेली. लिहून देणार याखाली मी तेव्हा सही केली नव्हती, ती आज केली. वर लिहिलं आहे ते असं:

'वेळ दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटे, पंचांच्या घड्याळाप्रमाणे. लख्ख ऊन. पळून गेलेला इसम माझ्या ओळखीचा होता. मागच्या दाराची कडी मी काढली. बाई, तुमचे वाचायचे राहिले नव्हते. मी वाचू दिले नाही. मला माफ करा.'